एक पान, दोन पत्ते

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाच्या चिटणीसकाकांचा फोन आला. कुणी विक्रेता त्यांच्या मागे लागला होता: तुमच्या संकेतस्थळाची पानं दोन-दोनदा आहेत, गूगल दंड करणार, पैसे भरा, निस्तरून देतो. म्हटलं, काका, ते पैसे पुस्तकांना ठेवा. असा दंडबिंड नसतो, हे गूगलने 2008 मध्येच सांगून टाकलंय.

पानं दोनदा होती, हे मात्र खरं. संकेतस्थळावर सुरक्षेचं प्रमाणपत्र बसवल्यापासून ‘नवी पुस्तकं’ हे पान ‘http’ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावरही (एचटीटीपी) उघडत होतं आणि ‘https’ने सुरू होणाऱ्या नव्या, सुरक्षित पत्त्यावरही (एचटीटीपीएस). (सुरक्षित पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की मालक प्रामाणिक, ही आपली आधुनिक लिंबू-मिरची. याच गैरसमजापायी क्रोम या ब्राउझरने 2023 मध्ये ते कुलूप काढलं.) आपल्या लेखी फरक एका ‘एस’चा, शोधयंत्राच्या लेखी दोन स्वतंत्र पत्ते. एक सर्व्हरच्या (संकेतस्थळ ठेवलेल्या संगणकाच्या) 80 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर जातो, दुसरा 443 वर, आणि दोन्हीकडे तेच असेल याची हमी नाही. स्वस्तातल्या सामायिक सर्व्हरवर ‘एस’ लावला की कधीकधी शेजाऱ्याचंच संकेतस्थळ उघडायचं!

म्हणून शोधयंत्राला दोन्ही पानं ताडून बघावी लागतात. अक्षर न् अक्षर ताडून भागत नाही, कारण तळाशी ‘आपण 4812 वे वाचक’ असतं आणि तो आकडा दर भेटीला बदलतो. इथे माझी लाडकी युक्ती येते: सिमहॅश, म्हणजे पानाचा छोटासा ठसा काढून ठसे ताडणं. संगणकशास्त्रज्ञ मोझेस चारिकर यांच्या 2002 च्या संशोधनातून ती आली.

समजा, ग्रामसभेत 64 ठराव आहेत आणि पानावरचा प्रत्येक शब्द सभासद आहे. ‘कादंबरी’ कुठल्या ठरावाला हो म्हणणार, कुठल्याला नाही, हे एका सूत्राने कायमचं ठरलेलं. दुर्मीळ शब्दाच्या मताला वजन जास्त, ‘आणि’ला जवळजवळ नाहीच. ठराव संमत झाला तर 1, पडला तर 0. हे 64 आकडे म्हणजे पानाचा ठसा. आता 4812 चं 4813 झालं, म्हणजे एकच सभासद बदलला. त्याने काठावरचा एखादा ठराव उलटेल, बाकीचे ढिम्म हलणार नाहीत. गूगलच्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं, की 800 कोटी पानांच्या साठ्यात ठशात 3 आकड्यांपर्यंतचा फरक असलेली पानं जुळी मानणं रास्त ठरतं. मग 800 कोटींत जुळं शोधायचं कसं? ठशाचे चार तुकडे करा. फरक तीनच जागी असेल, तर एक तुकडा तरी जसाच्या तसा सापडणारच! त्या तुकड्यानुसार यादी आधीच लावून ठेवली की काम झालं.

जुळी ठरल्यावर पत्ता एकच निवडायचा. डिसेंबर 2015 पासून गूगलचं झुकतं माप एचटीटीपीएसला आहे, पान स्वतःच उलट काही सांगत नसेल तर. आमचं सांगत होतं. मूळ पत्ता सांगणाऱ्या ‘कॅनॉनिकल’ ओळीत जुनाच पत्ता राहिला होता. ती दुरुस्त केली, जुन्या पत्त्यावर 301 म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’ अशी पाटी लावली. तरी शोधात जुना पत्ता हटेना.

कारण मीच. काही महिन्यांपूर्वी दुबार पानं टाळायच्या हौसेने मी जुन्या पत्त्याच्या रोबॉट्स फाइलमध्ये (पानं वाचत फिरणाऱ्या शोधयंत्राच्या रोबॉटसाठी असलेल्या सूचनांमध्ये) ‘आत येऊ नये’ लिहून ठेवलं होतं. गूगलचा रोबॉट आज्ञाधारक, दाराबाहेरूनच परतायचा. आतली पाटी वाचणार कोण? ती ओळ खोडली. तीन आठवड्यांनी ‘नवी पुस्तकं’ नव्या पत्त्यावर दिसू लागली.