आत्याचा गुडघा आणि मुंग्या आणणारं मशीन

माझी आत्या ठाण्यात चरईला राहते, तीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं तिने, रोज पहाटेपासून ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटायच्या, आणि आता दोन्ही गुडघे बोलायला लागलेत. नौपाड्यात एका फिजिओकडे मी तिला घेऊन जाते, तिथे गुडघ्याभोवती चार पॅड चिकटवतात आणि वीस मिनिटं करंट देतात. आत्या याला "शेक घेतला" म्हणते, बहुतेक जण तसंच म्हणतात, पण यात शेकण्यासारखं काहीच नसतं, उलट चटका बसल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं असतं. याचं नाव टेन्स. त्वचेवरून नसांना विजेचे बारीक बारीक ठोके द्यायचे, बस.

तिसऱ्या दिवशी रिक्षात बसल्यावर आत्याने विचारलं, "अगं पण झीज तर आत तशीच आहे ना, मग दुखायचं कमी कसं झालं?" मला हा प्रश्न इतका आवडला की घरी येऊन वाचत बसले.

गुडघा टेबलाला आपटला की आपला हात आपोआप तिथे जातो आणि आपण चोळतो, आणि खरंच बरं वाटतं. का, तर दुखण्याची खबर आणि स्पर्शाची खबर वेगवेगळ्या तंतूंमधून जाते. स्पर्शाचे तंतू जाड, त्यांच्यावर चरबीचं वेष्टण, त्यातून खबर सेकंदाला ५० मीटरच्या आसपास पळते, म्हणजे लोकलपेक्षाही जोरात. ठणका नेणारे तंतू एकदम बारीक, वेष्टण नाही, सेकंदाला जेमतेम १ मीटर, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून पिशव्या घेऊन चालणाऱ्या माणसाचा वेग. आणि दोन्ही खबरा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एकाच ठिकाणी येतात. तिथे एक प्रकारचं फाटक असतं, जाड तंतूंकडून भरपूर खबरा यायला लागल्या की तिथल्या छोट्या पेशी ते फाटक ओढून घेतात आणि ठणक्याची खबर मेंदूकडे कमी जाते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. नंतर त्यात बरीच दुरुस्ती झाली पण मूळ गाभा टिकलाय. वॉल आणि मेंदूचे सर्जन विल्यम स्वीट यांनी तर १९६७ मध्ये विजेचे ठोके आधी स्वतःच्याच डोळ्याखालच्या नसेवर देऊन बघितले, आणि मग पेशंटवर.

आता विजेचंच का, नुसतं चोळत बसलं तर? एक तर हात दुखतील, आणि दुसरं म्हणजे जाड तंतू विजेला लवकर दाद देतात. ठोका अगदी छोटा ठेवला, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा, तर करंट हळूहळू वाढवताना आधी जाड तंतू जागे होतात आणि दुखण्याचे बारीक तंतू झोपलेलेच राहतात. म्हणून मुंग्या येतात पण दुखत नाही. असे ठोके सेकंदाला साधारण १०० द्यायचे. दुसरी पद्धत सेकंदाला २ ते ४ ठोक्यांची, जरा जोरात, स्नायू टुकटुक उडतो, त्यात शरीर स्वतःचीच वेदनाशामक द्रव्यं सोडतं, मॉर्फिनच्या जातीची, आणि आराम थोडा जास्त वेळ टिकू शकतो.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य पायाच्या गाऊटला, म्हणजे सांधा सुजून ठणकतो त्या दुखण्याला, सांगायचा की ओल्या किनाऱ्यावर जिवंत विजेच्या माशावर पाय ठेवून उभं राहा, गुडघ्यापर्यंत बधिर होईपर्यंत!

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पुढचं. लोक करंटला घाबरतात. आत्या पण पहिले दोन दिवस जरा मुंग्या आल्या की "बास बास" म्हणायची, आणि मग फरक काहीच नाही. मुंग्या चांगल्या जोरदार पाहिजेत, सहन होतील इतक्या पण दुखतील अशा नाही, आणि थोड्या वेळाने सवय होऊन त्या कमी वाटायला लागल्या की परत थोडं वाढवायचं. घरच्या मशीनचे पॅड जुने झाले, कडा उचलल्या गेल्या, की सगळा करंट उरलेल्या छोट्या जागेतून घुसतो आणि टोचतं, मग लोकांना वाटतं मशीन आपल्याला सोसत नाही. सोसत नाही कसलं, पॅड बदला. त्वचेवर तेल किंवा बाम असेल तर आधी पुसा.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, गळ्यावर पुढून कधीच नाही, गरोदरपणी पोटावर नाही, आणि डायबेटीसमुळे बधिर झालेल्या जागेवर पण नाही.

बरं, यावर सगळ्यांचं एकमत आहे का, तर नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असंच म्हटलंय. उलट २०२२ मध्ये ३८१ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा मशीन चालू असताना आणि लगेच नंतर दुखणं कमी होतं असं दिसलं. मला वाटतं दोन्हीचा मेळ "चालू असताना" या शब्दांत आहे. झीज भरून येत नाही, फक्त थोडा वेळ मोकळा मिळतो, आणि तो वेळ झोपून घालवला तर हातात काय राहणार.

म्हणून फिजिओंनी आत्याला पॅड काढल्या काढल्या कामाला लावलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं, दहा वेळा. मशीनआधी दोनदाच जमायचं, मांडी थरथरायची. मागच्या मंगळवारी दहा झाले आणि ती अकरावा करायला निघाली, तर फिजिओ म्हणाल्या, "काकू, उद्यासाठी ठेवा थोडं."