प्रलयाचं पाणी आणायचं कुठून?

देवाने सगळी पृथ्वी पाण्याखाली घातली आणि नोहाने आपलं कुटुंब नि प्राणी एका तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, वाचवले, ही बायबलमधली कथा. या जलप्रलयाचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो भाविकांनीच. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात मापं स्पष्ट आहेत: तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच, ४० दिवस नि ४० रात्री पाऊस, सगळे पर्वत बुडून वर १५ हात पाणी. शतपथ ब्राह्मणातला मनूही नावेनेच तरतो, पण तिथे नावेची मापं नाहीत, त्यामुळे गणिताला वाव नाही. नोहाच्या कथेत तो पहिल्यापासून आहे.

फ्रेंच गणिती जाँ बोरेल याने १५५४ मध्ये तारवाचं घनफळ काढलं: साडेचार लाख घन हात. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळी मोजत प्रलय इ.स.पू. २३४९-४८ मध्ये बसवला. (तोवर गिझाचा मोठा पिरॅमिड उभारून दोनेक शतकं झाली होती आणि इजिप्तच्या राजवंशांची मालिका त्या सालात तुटत नाही, पण हे अशर यांना कळायला मार्ग नव्हता.) जेझुइट पंडित अथानासियस किर्शर यांनी १६७५ मध्ये तारवातले कप्पे रेखाटले आणि काही प्राण्यांना संकरित ठरवून प्रवेशच नाकारला. जिराफ म्हणे उंट आणि बिबळ्याची संतती!

तारू तरी टिकलं असतं का? ३०० हात म्हणजे सुमारे १३५ मीटर. १९०९ मध्ये अमेरिकेत बांधलेलं ‘वायोमिंग’ हे शिडांचं लाकडी जहाज याहून लहान होतं. तरी त्याच्या फळ्या लाटांवर वाकत, फटींतून पाणी शिरे आणि पंप चालवावे लागत. १९२४ च्या वादळात ते सगळ्या खलाशांसह बुडालं.

खरा पेच पकडला तो इंग्लिश धर्मोपदेशक थॉमस बर्नेट याने, १६८१ मध्ये. पर्वत बुडवायला त्याच्या हिशेबाने आठ समुद्रांइतकं पाणी हवं होतं. आजचे आकडे घेतले तर एव्हरेस्टपर्यंत, म्हणजे ८,८४९ मीटर, पाणी चढवायला साधारण ४५० कोटी घन किलोमीटर लागतील. सगळे महासागर मिळून १३३ कोटींच्या आसपास भरतात. हवेतली सगळी वाफ एकदम कोसळली तर जेमतेम २५ मिलिमीटर पाऊस होईल. जगातला सगळा बर्फ वितळला तरी समुद्र ७० मीटरच्या आसपासच चढेल. भूगर्भात शेकडो किलोमीटर खोल पाणी असल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, पण ते खनिजांच्या स्फटिकांत बांधलेलं आहे, झऱ्यासारखं वाहणारं नाही. बर्नेटने तोड काढली: प्रलयापूर्वी पृथ्वी गुळगुळीत होती, पर्वत नंतर झाले. मग बुडाले ते पर्वत कोणते, हे विचारायला टीकाकार टपलेलेच होते. १६९६ मध्ये विल्यम व्हिस्टनने पाणी धूमकेतूकडून आणवलं. अडचण आली की मूळ मजकुरात नसलेली एक गोष्ट घालायची, ही रीत तेव्हाच रुळली.

भूविज्ञानातही प्रलयाचा पुरावा शोधणारे आणि नंतर तो नाकारणारे भाविकच होते. ऑक्सफर्डचे पाद्री-भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी १८२३ मध्ये गुहांतली हाडं आणि गाळ यांना प्रलयाचा पुरावा म्हटलं. अ‍ॅडम सेजविक यांनी १८३१ मध्ये जिओलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून आपलं तसंच मत जाहीरपणे मागे घेतलं. पुढे बकलंडही स्विस शास्त्रज्ञ लुई आगासिझच्या हिमयुगाच्या सिद्धांताच्या बाजूला गेले; ज्या मातीदगडांचा संबंध ते प्रलयाशी जोडत होते, ते बरेचसे हिमनद्यांनी आणून टाकलेले निघाले.

१८७२ मध्ये लंडनला ब्रिटिश म्युझियमचे जॉर्ज स्मिथ यांनी मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) प्राचीन निनवे शहरातल्या मातीच्या पाटीवरची प्रलयकथा वाचून दाखवली. तिच्यातही नौका, डोंगर आणि सोडलेले पक्षी होतेच. त्यानंतर लक्ष मेसोपोटेमियाच्या पुरांकडे वळलं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस उत्खननकार लेनर्ड वूली यांना तिथल्याच उर या प्राचीन शहरात गाळाचा जाड थर सापडला आणि प्रलय सापडल्याचा गाजावाजा झाला. जवळच्याच एरिडूत मात्र तसा थर नाही.

मग स्थानिक पूरच म्हणावा? त्यावर १९६१ मध्ये व्हिटकॉम्ब आणि मॉरिस या बायबल शब्दशः वाचणाऱ्या अमेरिकी जोडीने बिनतोड प्रश्न केला: पूर एका खोऱ्यापुरता असेल तर तारू कशाला? माणसं चालत गेली असती, पक्षी उडून गेले असते. मजकुराशी तेच अधिक प्रामाणिक आहेत, असं मला वाटतं. पण पाण्यासाठी त्यांनी प्रलयापूर्वीच्या आकाशात वाफेचं छत्र कल्पिलं. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २२.६ लाख ज्यूल उष्णता सुटते. छत्रातून ४० दिवसांत नुसता १० मीटर पाऊस पाडायचा तर दर चौरस मीटरवर अखंड साडेसहा हजार वॉट उष्णता होईल. भर दुपारचं ऊन हजारभर वॉटचं असतं. शिवाय पावसाआधी त्या छत्राच्या भाराने हवेचा दाब जवळपास दुप्पट झालेला असणार. १९९० मध्ये हे छत्र तापमानाच्या गणितात तपासलं ते सृष्टिवादी, म्हणजे बायबलमधली सृष्टीची कथा खरी मानणाऱ्या, संशोधकांनीच, आणि कामापुरती वाफ वर ठेवली तर खालची जमीन राहण्याजोगी उरत नाही, असं त्यांनाच आढळलं. आज त्यांच्यातले बरेच जण छत्राचं नाव काढत नाहीत.