पासवर्ड बरोबर, परवानगी नाही

दिलेला पासवर्ड नोंदीशी जुळतो की नाही, एवढं संगणकाला चोख कळतं. तो टाकणारा माणूस कोण, त्याला आत यायचा हक्क आहे का, आत जाऊन तो काय करणार, यातलं यंत्राला काहीच ठाऊक नसतं. संगणक नेटवर्कच्या गैरवापराचे गाजलेले खटले पाहिले, तर न्यायालयं पुन्हा पुन्हा याच फटीत अडकलेली दिसतात.

ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात प्रेस्टेल नावाची सेवा होती. टेलिफोनच्या तारेवरून ती पडद्यावर माहिती आणि निरोप पोहोचवायची. रॉबर्ट शिफ्रीन आणि स्टीफन गोल्ड हे दोघं दुसऱ्याच्या पासवर्डने तिच्यात शिरले आणि थेट प्रिन्स फिलिप यांच्या निरोपपेटीपर्यंत पोहोचले. पकडले गेले खरे, पण गुन्हा कोणता लावायचा? संगणकातल्या घुसखोरीसाठी कायदाच नव्हता. मग बनावट दस्तऐवजांविरुद्धचा १९८१चा कायदा लावला गेला. दोघं दोषी ठरले, अपिलात सुटले आणि १९८८मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनेही ती सुटका कायम ठेवली. पासवर्ड यंत्राच्या स्मृतीत क्षणभर राहतो, तपासला जातो आणि पुसला जातो. ज्याची नोंदच टिकत नाही त्याला दस्तऐवज कसं म्हणायचं? हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. १९९०मध्ये तिथे संगणक गैरवापराचा स्वतंत्र कायदा आला. त्याने विनापरवानगी प्रवेश हाच गुन्हा ठरवला, मग आत काही चोरलं-मोडलं नसलं तरी.

अमेरिकेत असा कायदा १९८६पासूनच होता. त्याची कसोटी लागली ती २ नोव्हेंबर १९८८ला. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने आपल्याच प्रती काढत नेटवर्कभर फिरणारा प्रोग्रॅम सोडला. ई-मेल पोहोचवणाऱ्या सेंडमेलमध्ये चाचणीसाठी ठेवलेली एक सोय कित्येक ठिकाणी चालूच राहिली होती. तिचा त्याने फायदा घेतला. ‘फिंगर’ नावाच्या प्रोग्रॅमला त्याच्या जागेत मावणार नाही इतका मजकूर पाठवून त्याचा ताबा घेतला. सोपे पासवर्ड तर अंदाजानेच ओळखले. नवीन यंत्रात शिरताना हा प्रोग्रॅम आपली प्रत आधीच तिथे आहे का हे विचारायचा. पण कोणी खोटं ‘आहे’ म्हणून त्याला फसवू नये, म्हणून तसं उत्तर आलं तरी सातातून एकदा तो मुक्काम ठोकायचाच. हे प्रमाण फार जास्त ठरलं. एकेका यंत्रावर प्रतींची गर्दी झाली आणि हजारो यंत्रं रांगायला लागली.

खटल्यात मॉरिसच्या बाजूने सांगितलं गेलं की काही विद्यापीठांच्या संगणकांवर त्याची रीतसर खाती होती, म्हणजे तो परकाही नव्हता. १९९१मध्ये अपील न्यायालयाने ते मानलं नाही. सेंडमेल आणि फिंगर ज्या कामासाठी आहेत त्या कामासाठी त्याने ते वापरलेच नाहीत, तेव्हा खातं असलं तरी हा प्रवेश विनापरवानगीच. शिक्षा ३ वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. तुरुंगवास नाही.

दरम्यान, जानेवारी १९८९मध्ये इंटरनेटची तांत्रिक दिशा ठरवणाऱ्या मंडळाने एक छोटं टिपण काढलं होतं. कोणतं वागणं अनैतिक, एवढंच त्यात सांगितलं होतं. विनापरवानगी प्रवेश आणि खासगीपणाचा भंग त्यात होतेच, पण माणसांची आणि यंत्रांची शक्ती वाया घालवणंही होतं. शिक्षा करायचा अधिकार या मंडळाला नव्हता. तरी मॉरिसच्या प्रोग्रॅमने नेमकं कोणतं नुकसान केलं, हे या शेवटच्या मुद्द्याइतकं नेमकं मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न घरभेद्याचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात व्हॅन ब्युरेन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने पैशांच्या बदल्यात एका वाहनाची माहिती सरकारी नोंदींतून काढली. पासवर्ड त्याचाच, नोंदी पाहण्याचा अधिकारही त्याचाच. फक्त कारण गैर. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की १९८६च्या त्या कायद्याखाली हा गुन्हा होत नाही. दार उघडं होतं की बंद, एवढंच तो कायदा पाहतो. हेतू पाहत नाही. नाहीतर कचेरीच्या संगणकावर घरगुती ई-मेल लिहिणाराही गुन्हेगार ठरला असता, हे न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. पण त्यामुळे भार तंत्रज्ञानावर येतो. ज्याला जेवढं लागतं तेवढंच उघडायचं, आणि कोणी काय कधी पाहिलं याची नोंद ठेवायची. अर्थात ती नोंदही कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवायला वापरता येते, तेव्हा ती कोण पाहणार हेही आधी ठरवावं लागतं.

याउलट, दार ठोठावून कच्चं कुलूप दाखवणाऱ्या संशोधकाचं काय? विनापरवानगी प्रवेश तोही करू शकतो. २०२२मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने प्रामाणिक सुरक्षा-संशोधनावर खटले भरू नयेत असं धोरण जाहीर केलं, पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. संशोधकांनी आपल्यापुरते नियम घालून घेतले आहेत. गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा गट दोष सापडला की आधी कंपनीला कळवतो आणि ९० दिवस थांबतो. मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर दोष जाहीर करतो. झाली तर २०२१पासून सर्वसाधारणपणे आणखी ३० दिवस तपशील राखून ठेवतो, कारण कंपनीने दुरुस्ती काढणं आणि ती लोकांच्या यंत्रांवर बसणं यांत बराच काळ जातो.