टॉमकॅटची इमेज आपली आपण बांधण्यामागची पार्श्वभूमी

टॉमकॅट हा जावातली वेब अ‍ॅप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर, १९९९ सालचा. त्यानंतरची चौदा-पंधरा वर्षं तो मशीनवर एकदा बसला की सहसा तिथून हलायचा नाही. सर्व्हर सिस्टिम्सवाल्यांचा आणि वॉर फाइल (अ‍ॅप्लिकेशनचं एकत्र गाठोडं) डेव्हलपरची, अशी सरळ वाटणी होती. डेव्हलपरने वॉर पाठवायची, समोरच्याने ती वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये टाकायची, टॉमकॅट ती आपसूक उलगडणार. जावाची आवृत्ती कुठली, हीप (जावाला वापरता येणारी मेमरी) किती, सेटएन्व्ह या सेटिंगच्या फाइलमध्ये मध्यंतरी कुणी काय वाढवलं, हे त्या मशीनलाच ठाऊक. काही अडलं की ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे वाक्य दोन्हीकडून यायचं.

ही वाटणी टॉमकॅटच्या रचनेतही आहे. कॅटलिना होम या फोल्डरमध्ये सर्व्हर, कॅटलिना बेस या फोल्डरमध्ये त्या त्या इन्स्टन्सचं कॉन्फिगरेशन, लॉग आणि अ‍ॅप्लिकेशनं. म्हणजे एकच टॉमकॅट बसवून त्यावर चार बेस चालवता यावेत. कंटेनरात, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या कोंडलेल्या प्रक्रियेत, एकच इन्स्टन्स चालतो, त्यामुळे ही सोय तिथे जवळजवळ बिनकामाची झाली. मुख्य म्हणजे सर्व्हर कुणाचा आणि वॉर कुणाची, हा प्रश्नच नव्याने उभा राहिला, कारण इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यावरून सुरू होतो त्या तयार साच्यात, दोन्ही एकत्रच बांधले जातात.

कंटेनरचं मूळ सांगताना १९७९ च्या सीएचरूटपासून (प्रक्रियेला एका फोल्डरपुरतं बांधणारी सोय) सुरुवात करायची प्रथा आहे. पुढे २००० मधले फ्रीबीएसडीचे जेल, २००८ च्या सुमारास लिनक्स कर्नलमध्ये आलेले सीग्रुप्स (प्रक्रियांच्या मेमरी-सीपीयूवर मर्यादा घालणारी सोय), आणि २०१३ मध्ये डॉकर, कंटेनर बांधण्या-चालवण्याचं साधन. प्रक्रिया वेगळी कोंडून ठेवणं तोवर जुनं झालं होतं. नवी होती ती डॉकरफाइल: मशीन कसं बसवलं ते ओळीने लिहायचं आणि फाइलसिस्टिम बदलणाऱ्या प्रत्येक ओळीचा एक थर तयार होणार.

थरांनी सुरुवातीला बरेच जण फसले. बेस इमेजमधली (जिच्यावर आपली इमेज रचतो ती) नमुना अ‍ॅप्लिकेशनं ‘रन आरएम’ ही पुसण्याची आज्ञा लिहून उडवली तरी इमेज तसूभरही लहान होत नाही; खालच्या थरात ती तशीच असतात, वरचा थर फक्त त्यांच्यावर पडदा टाकतो. कीस्टोअरचा (सर्टिफिकेटं आणि किल्ल्या ठेवायच्या फाइलचा) पासवर्ड एका ओळीत कॉपी करून पुढच्या ओळीत पुसला, तर तोही तिथेच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुन्या सवयीने स्टार्टअप डॉट एसएच चालवणं. ती स्क्रिप्ट टॉमकॅटला बॅकग्राउंडला सोडून स्वतः संपते आणि पहिली प्रक्रिया संपली की कंटेनरही संपतो. लॉगमध्ये ‘टॉमकॅट स्टार्टेड’ दिसतं आणि कंटेनर तर गायब! म्हणून सगळीकडे ‘कॅटलिना डॉट एसएच रन’ लिहितात, ते टॉमकॅटला बॅकग्राउंडला सोडत नाही.

आता त्या शब्दाकडे, ज्याने सगळ्यात जास्त गोंधळ घातला: ‘अधिकृत’. सार्वजनिक रजिस्ट्रीवरच्या (तयार इमेजच्या कोठारातल्या) टॉमकॅटच्या इमेजवर अधिकृत असा शिक्का आहे. वाचणारा धरून चालतो की ज्यांनी सर्व्हर लिहिला त्यांनीच ही इमेज बांधली. तसं नाही. सर्व्हरचा प्रकल्प झिप आणि टार फाइली प्रसिद्ध करतो. इमेजची डॉकरफाइल रजिस्ट्रीच्या बाजूचा एक वेगळा गट सांभाळतो. तो मूळ टार उतरवतो, सही तपासतो, नेटिव्ह लायब्ररी कंपाइल करतो आणि इमेज बनवतो. शिक्का खरा आहे, पण तो रजिस्ट्रीचा आहे.

हा फरक २०१९-२० च्या सुमारास अंगाशी आला. तोवर इमेज चालवून ८०८० पोर्ट उघडला की मांजराचं चित्र असलेलं स्वागतपान दिसायचं. सोबत डॉक्स, एक्झाम्पल्स, मॅनेजर, होस्ट-मॅनेजर ही मंडळीही असायची. सर्व्हरच्या सुरक्षा-सूचनांत एक्झाम्पल्स काढून टाका असं स्पष्ट म्हटलेलं होतंच. त्या आधारे इमेजवाल्यांनी ही सगळी अ‍ॅप्लिकेशनं वेबअ‍ॅप्स डॉट डिस्ट नावाच्या फोल्डरमध्ये हलवली आणि वेबअ‍ॅप्स रिकामं ठेवलं. परिणाम: नव्याने इमेज ओढणाऱ्याला स्वागतपानाऐवजी ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’.

इथे दोन तट पडले, ते अजूनही आहेत. एक म्हणतो, रिकामा सर्व्हर हाच योग्य सर्व्हर. दुसरा म्हणतो, टारमध्ये जे येतं ते इमेजमध्येही यायला हवं, नाहीतर अधिकृत कशाला म्हणायचं? मूळ टारमध्ये ती अ‍ॅप्लिकेशनं अजून येतात, हे या दुसऱ्या तटाचं हुकमी पान. माझ्या मते निर्णय बरोबर होता. मॅनेजर तर कंटेनरात तसाही उपयोगाचा नव्हता: तो मुळात फक्त स्वतःच्याच मशीनवरच्या (१२७ ने सुरू होणाऱ्या वगैरे) पत्त्यांना आत घेतो आणि होस्टवरचा ब्राउझर त्याला १७२.१७.०.१ म्हणून दिसतो, म्हणजे ४०३ (प्रवेश नाही) ठरलेला. गंमत अशी की अनेकांनी आपली पहिली स्वतंत्र इमेज बांधली ती नेमकी हा अटकाव ढिला करायला.

चुकली ती पद्धत. बदल जुन्याच टॅगखाली, म्हणजे इमेजच्या आवृत्तीच्या त्याच नावाखाली, आला. डॉकरफाइलच्या पहिल्या ओळीत ‘टॉमकॅट:९’ लिहिलेल्याला काल एक इमेज मिळत होती, आज दुसरी. आपली वॉर रूट नावाने (म्हणजे सर्व्हरच्या मूळ पत्त्यावरच) कॉपी करणाऱ्यांना काही कळलंही नाही. पण ज्यांची वॉर वेगळ्या नावाची होती आणि ज्यांचा लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा) नुसत्या तिरप्या रेघेवर, म्हणजे मूळ पत्त्यावर, टकटक करून ‘जिवंत आहे’ असं ठरवत होता, त्यांना इतके दिवस मांजराचं पानच ‘ठीक’ म्हणून उत्तर देत होतं. ते गेल्यावर धडधाकट अ‍ॅप्लिकेशन मेलेलं ठरणार. यावर जिकडेतिकडे फिरलेला इलाज म्हणजे डिस्ट फोल्डर परत वेबअ‍ॅप्सच्या जागी हलवा! पुढे टॅगमध्ये पूर्ण आवृत्ती लिहिण्याचा आग्रह वाढला, त्यामागे असले अनुभव आहेत.

अर्थात पूर्ण आवृत्ती लिहिली की दुसरं दुखणं सुरू होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट ही त्रुटी जाहीर झाली. ८००९ पोर्टवरचा एजेपी कनेक्टर (पुढे उभ्या वेब सर्व्हरशी बोलणारा) मुळातच चालू असायचा आणि त्यातून अ‍ॅप्लिकेशनच्या फाइली वाचता येत होत्या. टॉमकॅट ९.०.३१ मध्ये तो मुळातच बंद ठेवला गेला. पण आपली इमेज ९.०.३० वर गोठलेली असेल तर ती कुणी मुद्दाम पुन्हा बांधेपर्यंत तशीच राहते. पूर्वी असे पॅच सिस्टिम्सवाले लावायचे. आता डॉकरफाइल ज्याच्या रेपोत, काम त्याचं.

मेमरीची कथा त्याआधीची. जावाची हीप मुळात मशीनच्या मेमरीच्या पावपट ठरते. ६४ जीबीच्या होस्टवर २ जीबीची मर्यादा घातलेला कंटेनर चालवला तर जुन्या जावाला ६४ च दिसायचे आणि ती १६ जीबीपर्यंत जायला मोकळी. मग कर्नल प्रक्रिया मारायचा: एक्झिट कोड १३७, लॉगमध्ये अवाक्षर नाही. २०१७ च्या ८यू१३१ (जावा ८ चं अपडेट) मध्ये यावर प्रायोगिक पर्याय आला, मार्च २०१८ च्या जावा १० मध्ये ते आपोआप झालं आणि त्याच वर्षी ८यू१९१ मध्ये मागे आणलं गेलं.

टॉमकॅट १० मध्ये पॅकेजांची नावं जावाएक्सवरून जकार्तावर गेली. ‘लेटेस्ट’वर विसंबलेल्यांची जुनी वॉर तिथे उलगडते, सर्व्हर सुरू होतो, पण सर्व्हलेट (विनंत्यांना उत्तर देणारे जावाचे वर्ग) सापडत नाहीत. म्हणजे पुन्हा ४०४, कारण मात्र निराळं.

मराठीत काम करणाऱ्यांना स्वतःची इमेज बांधायला लावणारं कारण सहसा याहून साधं असतं. इमेज लहान करण्याच्या शर्यतीत फॉन्ट गेले. फॉन्ट शोधून देणारं फॉन्टकॉन्फिगच नसेल तर अहवालाची पीडीएफ करताना जावा थेट एक्सेप्शन फेकते. ते घातलं तर सोबत बहुधा देजावू फॉन्ट येतो, त्यात देवनागरी नाही, म्हणून शेतकऱ्याच्या नावाच्या जागी चौकोन. नोटो किंवा लोहित देवनागरी वेगळा टाकावा लागतो. लँग हे भाषा आणि अक्षरसंच ठरवणारं चल मोकळं सोडलं तर ‘सातबारा.पीडीएफ’ अशा नावाची फाइल साठवतानाच अडते. जावा १८ पासून मजकुरासाठी यूटीएफ-८ मुळातच गृहीत आहे, फाइलींच्या नावांसाठी नाही. डॉकरफाइलमध्ये लँगला ‘सी डॉट यूटीएफ-८’ लिहिलं की हे सुटतं. चौकोन जाऊन जोडाक्षरं तुटलेली दिसत असतील, तर ती बहुधा पीडीएफ लायब्ररीची करामत असते. त्यासाठी इमेज कितीही वेळा बांधली तरी उपयोग नाही.