क्रोकेट आणि पोटॅटो चॉप: बटाटा नेमका कुठे?

म्हापशात भाड्याने राहायला आलो, त्या पहिल्या पावसाळ्यात घरमालकीण आंटींनी ताटलीत चार तळलेले नग पाठवले. दोन बोटासारखे लांबट, दोन चपटे गोल. चौघांवर रव्याचा तोच खरखरीत, तांबूस थर. ताटली परत करताना मी म्हणाले, "आंटी, कटलेट मस्त झाले होते." त्यांचा चेहरा पाहून कळलं, काहीतरी चुकलंय.

"कटलेट न्हय गो बाय. हें क्रोकेट, हें चॉप."

आपल्या मराठी घरांत जे काही थापून, रव्यात घोळवून तळलं जातं ते सगळं कटलेट. गोव्यात मात्र कटलेट म्हणजे बीफचा पातळ काप, ठेचून, मसाला लावून, रव्यात घोळवून तळलेला. तो पावात घातला की कटलेट-पाव. त्यात खिमा नसतोच. म्हणून तो बाजूला ठेवू. खरा गोंधळ क्रोकेट आणि पोटॅटो चॉपचा आहे, कारण दोन्ही बीफच्या खिम्याचे, दोन्ही रव्यातले, आणि बेकरीच्या काचेआड अनेकदा शेजारी-शेजारी मांडलेले.

फरक एका वाक्यात सांगायचा तर क्रोकेट म्हणजे आतबाहेर सगळं मांसच, आणि चॉप म्हणजे बटाट्याच्या पारीत भरलेला खिमा. चॉप मोडला की पांढरी पारी आणि मधे तपकिरी सारण दिसतं, आपल्या मोदकासारखं. क्रोकेट मोडला तर एकच रंग.

नावांचे प्रवासही वेगळे. क्रोकेट मूळ फ्रेंच, कुरकुरीत चावण्यावरून पडलेलं नाव. गोव्यात ते पोर्तुगीजांकडून आलं. गंमत अशी, की बाकी जगात क्रोकेट म्हटलं की अनेकांना बटाटा आठवतो. स्पेनमध्ये तर दूध-मैद्याचा घट्ट सॉस असतो. पण पोर्तुगालचा क्रोकेट मांसाचा, आणि गोव्याने तोच उचलला. 'चॉप' हा शब्द इंग्रजांचा. मुळात तो हाडासकट कापलेल्या मांसाच्या तुकड्याला होता, हिंदुस्थानात येऊन बटाट्याला चिकटला. बंगालातही आलूर चॉप आहे, आणि इराकमध्ये खिमा भरलेल्या बटाट्याच्या वड्यांना आजही 'पटेटा चाप' म्हणतात.

आता स्वयंपाकाचं. इथे दोघांची गणितं पार वेगळी होतात.

शिजलेला खिमा एकमेकांना धरत नाही. कच्च्या मांसात मीठ घालून मळलं तर त्यातली प्रथिनं चिकट होतात, गोळा बांधला जातो. पण एकदा आचेवर गेलं की ती आवळून बसतात आणि खिमा दाणेदार, सुटा होतो. गोव्यातल्या पुष्कळ घरांत क्रोकेटसाठी खिमा आधी आलं-लसूण, हिरवी मिरची, मिरी-लवंग-दालचिनी आणि थोडं माडाचं विनेगर घालून कोरडा शिजवतात. म्हणून तो पुन्हा बारीक वाटावा लागतो आणि बांधायला भिजवून पिळलेला पाव आणि अंडं घालावं लागतं. मग लांबट वळ्या करून रव्यात घोळवायच्या. काही जणी कच्च्या खिम्याचेच वळतात. त्याला पाव कमी लागतो, पण मग मंद आचेवर आतपर्यंत शिजायला वेळ द्यायलाच हवा. खिमा काढताना मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, त्यामुळे बाहेरून तांबूस झालं म्हणजे झालं, असं खिम्यात चालत नाही. गाभ्यात ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आच पोचायला हवी. मुलांना द्यायचे असतील तर मी आधी शिजवलेलाच प्रकार करते.

चॉपमध्ये ही भानगडच नाही. सारण सुटं असलं तरी चालतं, धरून ठेवायचं काम पारीचं. तळायचं ते फक्त वरचा थर कुरकुरीत व्हायला.

मात्र पारी रुसते. माझे पहिले चॉप तेलात फुटले आणि कढईत बटाट्याची पेज झाली. चुका दोन होत्या. बटाटे सोलून, फोडी करून उकडले, त्यामुळे ते पाणी प्यायले. आणि सारण गरम होतं. त्याच्या वाफेने पारी आतून तडकली. आता बटाटे सालीसकट उकडते, गरम असतानाच मोडते, आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरत नाही. रव्याआधी फेटलेल्या अंड्यात बुडवते. कढईऐवजी तव्यावर थोड्या तेलात परतले तर फुटण्याची भीती आणखी कमी.

या दोन्हींचा संकर करायचा मोह मराठी घरात हमखास होतो: खिम्यात उकडलेला बटाटा कालवायचा, म्हणजे बांधणीही होते आणि पुरवठ्यालाही येतं. मीही केलंय. खायला वाईट नाही, पण मऊ पडतं, आणि ना क्रोकेटचा मांसल चावा, ना चॉपमधलं सारणाचं अप्रूप. आंटींचं मत याहून कडक आहे. ते इथे लिहीत नाही.

रात्रीच्या जेवणाला काय करावं? माझं उत्तर चॉप, आणि कारण उघड पैशांचं. अर्धा किलो खिम्यात दोन कांदे घातले तर साधारण सोळा क्रोकेट होतात, एकेक तीस-पस्तीस ग्रॅमचा. तेवढ्याच खिम्यात एक किलो बटाटे घेतले तर चॉपही सोळाच्या आसपास होतात, पण एकेक ऐंशी ग्रॅमचा. तीन चॉप, कोबी-गाजराची विनेगर घातलेली कोशिंबीर आणि एक पोयी (गोव्याचा कोंड्याचा पाव), की मोठा माणूस पोटभर जेवला. क्रोकेट मात्र सहा खाऊनही मुलं विचारतात, "जेवायला काय आहे?" ते लग्नाच्या, बारशाच्या ताटातलं, बारमध्ये ग्लासाशेजारचं खाणं.

आता, कामावरून येऊन चॉप करायला बसणं सोपं नाही, तास-सव्वा तास जातो. म्हणून आंटींची रीत उचलली आहे. एक दिवस खिमा नेहमीसारखा करायचा, बटाट्याच्या फोडी-मटार घालून, पावासोबत. पण त्यात बटाटे-मटार घालायच्या आधीच निम्मा कोरडा खिमा काढून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी फक्त बटाटे उकडायचे आणि भरायचे. एका खरेदीत दोन रात्री निघतात. कच्चा खिमा मात्र फ्रीजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवू नका.

खाटकाकडे सांगताना चॉपसाठी खिमा एकदाच काढलेला पुरे, थोडा जाडसर असला तर सारणाला चव येते. क्रोकेटसाठी दोनदा काढून मागा, वाटायचे कष्ट वाचतात. गोव्यात १९७८च्या कायद्याने गोहत्येवर बंदी आहे, त्यामुळे इथे बीफ म्हणजे बैलाचं किंवा म्हशीचं. महाराष्ट्रात २०१५पासून बैलही बंद, तेव्हा तिकडच्या वाचकांना म्हशीचंच मिळेल. ते रंगाने गडद, चरबी पांढरी आणि कमी. कमी चरबीमुळे सारण कोरडं पडतं. चमचाभर तेल आणि एक कांदा जास्त घाला, मिटलं.

आणि चॉप उरलाच, तर सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजेपर्यंत त्याला हात लावू नका. गरम पावात तो चेपून घालायचा, वर विनेगरात मुरलेला कांदा. आमच्याकडे त्यासाठी रात्री दोन चॉप लपवून ठेवावे लागतात.