वार घडवणाऱ्या पेशी

फलनानंतर साधारण ५ ते ६ दिवसांनी गर्भ म्हणजे द्रवाने भरलेला, टाचणीच्या टोकाहूनही लहान असा पेशींचा गोळा असतो. त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशींना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. या पेशींपासून बाळाचा एकही अवयव बनत नाही, बनते ती बाळाला पोसणारी वार (प्लासेंटा). म्हणजे जिला आपण आईचा अवयव समजतो, ती बहुतांशी गर्भानेच उभी केलेली असते.

गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागताच यांपैकी काही पेशी एकमेकींत विरघळून असंख्य केंद्रके असलेला एक सलग थर तयार करतात. गर्भधारणेच्या चाचणीत आढळणारे एचसीजी हे संप्रेरक याच थरातून स्रवते. पेशींना असे एकजीव करणारे सिन्सिटिन हे प्रथिन मुळात एका विषाणूचे आहे, आणि त्याचे जनुक आपल्या पूर्वजांच्या शरीरात कोट्यवधी वर्षांपूर्वी शिरले, ही मला जीवशास्त्रातली अत्यंत विस्मयकारक गोष्ट वाटते.

इतर ट्रोफोब्लास्ट पेशी अस्तरात खोलवर शिरून आईच्या सर्पिल रोहिण्यांपर्यंत, म्हणजे अस्तराला रक्त पुरवणाऱ्या वळणदार रक्तवाहिन्यांपर्यंत, पोहोचतात. पहिले सुमारे १० आठवडे त्या या रोहिण्यांची तोंडे बऱ्याच अंशी बुजवून ठेवतात, त्यामुळे कोवळा गर्भ कमी ऑक्सिजनमध्ये सुरक्षित वाढतो. त्याच काळात रोहिण्यांच्या भिंतींतले स्नायू नाहीसे होऊन त्या रुंद आणि सैल होतात, आणि पुढे त्यांतून भरपूर रक्त संथपणे वाहू लागते.

या कामात आईच्या पेशींचाही मोठा वाटा असतो. सुरुवातीच्या महिन्यांत अस्तरातल्या रोगप्रतिकारक पेशींपैकी सुमारे ७० टक्के नैसर्गिक मारक पेशी असतात. नाव मारक असले तरी येथे त्या गर्भाच्या पेशींना मारत नाहीत. ट्रोफोब्लास्टवरील एचएलए-जी हे प्रथिन ओळखून त्या रोहिण्यांच्या बदलाला मदत करणारी द्रव्ये सोडतात.

ट्रोफोब्लास्ट पेशी मर्यादेपेक्षा खोल रुतल्या, जसे जुन्या सिझेरियनच्या व्रणावर घडू शकते, तर प्रसूतीनंतर वार सुटत नाही आणि गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. उलट त्या उथळच राहिल्या तर रोहिण्या अरुंद राहतात, वारेला रक्त अपुरे पडते आणि आईचा रक्तदाब वाढणारा प्रीएक्लॅम्प्सिया हा आजार उद्भवू शकतो. त्याची लक्षणे सहसा २० आठवड्यांनंतर दिसतात, पण बिघाड त्याआधीच झालेला असतो. म्हणूनच ज्यांना हा धोका अधिक आहे, अशा स्त्रियांना डॉक्टर कमी मात्रेतले ॲस्पिरिन शक्यतो १६ व्या आठवड्यापूर्वीच सुरू करतात.