पार्श्वभूमी पुसट झाली म्हणजे गाडी पळाली असे नव्हे

मोटार शर्यतीच्या फोटोत गाडीमागचे सगळे पुसट दिसले की पाहणारा सहज म्हणून जातो, ‘काय वेग टिपलाय!’ प्रत्यक्षात तो पुसटपणा दोन अगदी निराळ्या कारणांनी आलेला असू शकतो. एका प्रकारात लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, मोठे उघडलेले असते आणि त्यामुळे गाडीच्या मागचे-पुढचे सारे फोकसबाहेर गेलेले असते. दुसऱ्या प्रकारात शटर जरा जास्त वेळ उघडे ठेवून तेवढ्या वेळात कॅमेरा गाडीच्या बरोबरीने फिरवलेला असतो. यालाच पॅनिंग म्हणतात. पहिल्या प्रकाराने गाडी आजूबाजूच्या पसाऱ्यातून उठून दिसते, पण ती धावते आहे हे दाखवण्याचे काम दुसराच करतो. हा फरक मला उशिरा कळला. पहिल्याच शर्यतीला मी दिवसभर एफ/२.८ चे मोठे ॲपर्चर (एफपुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) आणि १/२००० सेकंदाचे शटर धरून बसलो आणि घरी येऊन पाहतो तर सगळ्या गाड्या ट्रॅकवर नीट पार्क करून ठेवल्यासारख्या!

दोष चाकांत होता. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ५० मीटर कापते, म्हणजे १/२००० सेकंदात ती जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकते आणि तिचे साधारण ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक अवघे चार अंश फिरते. अशा फोटोत टायरवरची अक्षरेसुद्धा वाचता येतात, आणि ज्या चाकावरची अक्षरे वाचता येतात ते चाक डोळ्याला थांबलेलेच वाटते, मग मागचे प्रेक्षक कितीही पुसट असोत. हीच गाडी १/६० सेकंदाला टिपली तर शटर उघडे असताना ती ८० सेंटिमीटरहून अधिक पुढे जाते, चाक एक तृतीयांशाहून जास्त फेरी घेते आणि त्याच्या आऱ्यांची एकसंध चकती होते.

तयार फोटो पाहून हे दोन पुसटपणे ओळखायचे असतील तर मागचा एखादा लहानसा दिवा शोधावा. फोकसबाहेर गेलेला दिवा गोल ठिपक्यासारखा पसरतो, तर पॅनिंगमध्ये त्याची आडवी रेघ होते. रेघेऐवजी नागमोडी लाट दिसली तर फिरवताना हात खालीवर झाला, असे समजावे. दुसरी खूण अधिक मजेची आहे. फोकसमुळे येणारा पुसटपणा अंतरावर अवलंबून असतो, म्हणून गाडीला लागून असलेली भिंत जवळजवळ स्पष्ट आणि दूरची टेकडी विरघळलेली दिसते. पॅनिंगमध्ये कॅमेरा जागच्या जागी वळत असल्याने त्या भिंतीच्या आणि टेकडीच्या रेघा जवळपास सारख्याच लांबीच्या निघतात.

गाडी आणि कॅमेरा यांच्या वेगाचा मेळ बसला नाही तर काय होते, याचा प्रसिद्ध नमुना म्हणजे फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तीगने विशीही गाठली नव्हती तेव्हा काढलेला शर्यतीच्या गाडीचा फोटो. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट उभ्या दिशेने सरकत असे, त्यामुळे चित्राचा खालचा भाग आधी आणि वरचा नंतर उमटला. कॅमेरा फिरला, पण गाडीइतका नाही. परिणामी चाके लंबगोल होऊन पुढे झुकली आणि प्रेक्षक उलट्या बाजूला कलले. तांत्रिकदृष्ट्या ही गफलतच, पण तिच्यात वेग जितका दिसतो तितका पुढच्या कित्येक निर्दोष फोटोंत दिसत नाही, असे माझे मत आहे.

पॅनिंग सगळीकडे चालते असे मात्र नाही. गाडी समोरून थेट अंगावर येत असेल तर ती चौकटीत आडवी सरकतच नाही, म्हणून तिथे वेगवान शटर आणि मोठे ॲपर्चरच बरे. नाट्य मग ब्रेक लागल्यावर खाली दबणाऱ्या नाकात शोधावे लागते. पॅनिंगसाठी सोयीची जागा म्हणजे गाडी आपल्यासमोरून आडवी जाते ती. पाय रोवून कमरेतून वळावे, गाडी लांब असतानाच तिला चौकटीत धरावे आणि शटरचा आवाज आल्यावरही फिरणे थांबवू नये. सुरुवात १/२५० पासून करून हात बसेल तसे १/१२५ आणि १/६० पर्यंत उतरावे. फुकट गेलेल्या फोटोंची संख्या त्याच प्रमाणात वाढते, हे गृहीत धरावे.

दोन्ही परिणाम एकाच फोटोत हवे असतील तर भर उन्हात अडचण येते. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १०० इतकी कमी ठेवूनही १/६० सेकंदासाठी ॲपर्चर एफ/२० च्या आसपास आवळावे लागते. तेवढ्या बारीक छिद्रातून चित्राची धार थोडी बोथट होते, सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण निळ्या आकाशात काळसर डाग होऊन उमटतो, आणि ट्रॅकच्या कडेची तारेची जाळी, जी एफ/२.८ ला लेन्स जवळ नेताच नाहीशी झाली असती, ती करड्या पट्ट्यांचा पडदा बनून गाडीवर पसरते. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश एक-अष्टमांशावर आणणारी करडी काच, लेन्सवर लावला की ॲपर्चर एफ/७.१ पर्यंत उघडता येते आणि तो पडदा बराच विरळ होतो.